तुम्ही विचारलंत म्हणून: गेम बंद का नाही केला?

"चॅटमध्ये एवढं बोलले पोरीला, तरी तुम्ही गेम बंद का नाही केला?" माझ्या मुलीची गोष्ट कळली की दर वेळी कुणीतरी हे विचारतंच. विचारणाऱ्यांच्या घरीही लहान मुलं असतात, म्हणून एकदा नीट सांगते.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करायच्या गेममध्ये, अनोळखी लोकही खेळतात अशा एका सार्वजनिक सर्व्हरवर तिने तीन दिवस खपून घर बांधलं होतं. चौथ्या दिवशी मी डोकावले तर ती तेच घर फोडत होती, आणि सुरुवात खिडक्यांपासून. काचेचा ठोकळा साध्या हत्याराने फोडला की परत मिळत नाही, हे तिनेच मला शिकवलेलं. म्हणजे हे काही नवीन बांधण्यासाठी चाललेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "बाळांनी बांधल्यासारखं झालंय." ही भाषा तिची नव्हती.

खरं काय ते बाहेर यायला आठवडा गेला. कुणीतरी चॅटमध्ये तिच्या घराची टर उडवली होती, आणखी दोघं-तिघं त्यात सामील झाले होते. "मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" यावर तिचं उत्तर: "तू गेम काढून घेतला असतास."

बरोबर होतं तिचं. मी तशी धमकी याआधी दोनदा दिली होती. मुलांच्या हिशेबात सांगणं म्हणजे गेम गमावणं, मग ती गिळून टाकतात. त्यामुळे सेटिंगला हात लावायच्या आधी मी तिला शब्द दिला: काहीही वाचलंस, ऐकलंस तरी सांगितल्याबद्दल गेम जाणार नाही. बंद न करण्याचं कारण एवढंच आहे.

सेटिंग नंतर केलीच. माइनक्राफ्टच्या कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत चॅट पूर्ण लपवता येतं, हे मला तोवर माहीतही नव्हतं. काही महिने ती फक्त ओळखीच्या दोन मैत्रिणींबरोबर खासगी जगात खेळली. आपण न बघता 'मुलांचा गेम आहे, ठीकच असेल' असं धरून चालतो, तिथेच फसतो. २०२२च्या डिसेंबरमध्ये फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातला एक आक्षेप असा होता की लहान मुलांसाठीसुद्धा आवाजी आणि लेखी चॅट मुळातच सुरू ठेवलेलं असे. त्याच महिन्यात एपिकने १३ वर्षांखालच्यांसाठी वेगळी खाती आणली, ज्यात पालकांनी परवानगी देईपर्यंत चॅट बंद राहतं.

फिल्टरवर मात्र फार विसंबू नका. तो शिव्या पकडतो. 'तुझ्यामुळे हरलो', 'हिला घेऊ नका रे' यात पकडण्यासारखा एकही शब्द नाही, आणि नऊ वर्षांच्या जिवाला नेमकं हेच लागतं. तिथे माणूसच शेजारी बसलेला लागतो. सुरुवातीचे काही आठवडे मी भाजी निवडायला तिच्या शेजारीच बसत असे. काही वाईट आलं की उत्तर द्यायचं नाही, आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक, हे आम्ही दोघींनी मिळून इतक्यांदा केलं की आता तिचा हात आपोआप तिकडे जातो.

एक गोष्ट मला जास्त लागली. सहा महिन्यांनी तीच एका नवख्या मुलाला 'नूब' (काहीच न येणारा नवशिका) म्हणाली, त्याच हेटाळणीच्या सुरात. मी ओरडले नाही. "खिडक्या आठवतात?" एवढंच विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने त्याला दार कसं बसवायचं ते दाखवलं.

व्हॉइस चॅट अजून बंदच आहे आणि त्यावरून आमचं अधूनमधून वाजतं. लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट निघतो, बोललेलं हवेत विरतं. एक्सबॉक्स या गेम खेळायच्या यंत्रावर २०२३पासून ६० सेकंदांचं बोलणं पुरावा म्हणून तक्रारीला जोडता येतं, पण त्यासाठी ते आधी मुलाच्या कानावर पडलेलं असतं. ती म्हणते, "सगळ्यांचं चालू आहे." असेल. मैत्रिणींपुरतं चालू करू, एवढ्यावर सध्या बोलणी अडली आहेत.