पोलर ११० टक्के: प्रवाह एकदा नाही, दोनदा वजा करायचा

सिडनी-होबार्ट शिडांच्या शर्यतीच्या ट्रॅकवरचा अडलेला आकडा सुटला! कोडं असं होतं: न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यालगत, उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यात ५० फुटी नौका तासन्‌तास पोलरच्या (कुठल्या वाऱ्यात, कुठल्या कोनात नौका किती वेगाने जावी ते सांगणाऱ्या तक्त्याच्या) ११० टक्क्यांवर. लाटेवरून घसरताना क्षणभर असं होतं, तासाच्या सरासरीत होत नाही.

पहिला संशय अर्थातच दक्षिणेकडे वाहणाऱ्या पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाहावर. ट्रॅकरचा वेग जमिनीच्या संदर्भात असतो, पोलरचा पाण्याच्या. प्रवाह वजा केला तर आकडा थेट ९२ वर घसरला. आघाडीच्या नौका भर वाऱ्यात एवढ्या मागे राहतील, हेही पटेना.

खरी मेख वाऱ्यात होती. ग्रिबमधला, म्हणजे हवामान मॉडेलच्या फाइलमधला, वाराही जमिनीच्या संदर्भातलाच असतो. नौका पाण्याबरोबर वाहत असते, त्यामुळे शिडांना जाणवतो तो पाण्याच्या संदर्भातला वारा. म्हणून तोच प्रवाह वाऱ्याच्या सदिशातूनही वजा करायचा.

समजा वारा ०३५ अंशांवरून २० नॉट, प्रवाह १८० कडे २.५ नॉट, नौका १८० वर १५ नॉट. पाण्यातला वेग १२.५. वारा उरतो १८ नॉट, साधारण ०४० वरून. म्हणजे टीडब्ल्यूए (नौकेच्या दिशेशी वाऱ्याचा कोन) १४५ चा १४० झाला. पोलर वारा-कोनाच्या पहिल्या जोडीला (२०, १४५) १३.६ आणि दुसरीला (१८, १४०) १२.७ नॉट देत असेल, तर टक्केवारी ११० वरून ९२ आणि शेवटी ९८. हा आकडा पाहून फार बरं वाटतं.

वारा फिरून दक्षिणेकडून येऊ लागला की सगळं उलटतं. वजाबाकीनंतर वारा वाढतो, आणि प्रवाहाविरुद्धच्या वाऱ्यात लाटा उभ्या आणि आखूड होतात. तिथे टक्केवारी पडली तर गणितावर शंका घेऊ नका, नौका खरंच अडखळत असते.

प्रवाहासाठी कोपर्निकस मरीनचं जागतिक मॉडेल घ्या: १/१२ अंशाचं जाळं, सगळ्यात वरचा थर, यूओ आणि व्हीओ (प्रवाहाचे पूर्वेकडचा आणि उत्तरेकडचा घटक). आकडे मीटर प्रति सेकंदात असतात, नॉटसाठी १.९४४ ने गुणा. वाऱ्याची दिशा ‘कुठून’ अशी सांगतात, प्रवाहाची ‘कुठे’. अंशांत काम केलं की इथेच १८० अंशांचा घोळ होतो. शेवटपर्यंत यू-व्ही घटकांतच राहा. मधल्या वेळेचे आकडे काढतानाही तेच, नाहीतर ३५० आणि १० ची सरासरी १८० येते. क्यूटीव्हीएलएम हे सॉफ्टवेअर रूटिंगसाठी (मार्ग आखायला) उत्तमच, पण असं एकेका फिक्सचं (ट्रॅकवरच्या नोंदीचं) गणित पायथनमध्ये जास्त स्वच्छ होतं.

वाऱ्याच्या उंचीचं: ओआरसी या शर्यतींच्या रेटिंग संस्थेच्या पोलरमधला वारा १० मीटरवरचा असतो, ग्रिबमधलाही. त्यामुळे दुरुस्ती नको. पोलर डोलकाठीच्या टोकावरच्या नोंदींतून बनवलं असेल तरच ग्रिबच्या वाऱ्याला (उंची/१०) चा ०.११ घात लावा. २२ मीटरला सुमारे ९ टक्के वाढ येते.

उरलेली शंका मॉडेलच्या भोवऱ्यांची. भोवरा काही मैल सरकलेला असला की वजाबाकी चुकीच्या पाण्याची होते. जाइबच्या (मागून वारा असताना शिडं दुसऱ्या बाजूला घेत वळण्याच्या) आधीचा आणि नंतरचा ट्रॅक घेऊन प्रवाह उलटा काढावा असा विचार होता, पण त्यातून फक्त वाऱ्याला आडवा घटक मिळतो; वाऱ्याच्या रेषेतला, म्हणजे इथे नेमका हवा तो, निसटतो.

मात्र एआयएसमध्ये (नौका आपलं स्थान आणि वेग रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) हेडिंग, म्हणजे नौकेचं नाक रोखलेली दिशा, येत असेल तर चित्र बदलतं! जमिनीवरच्या वेगातून प्रवाह वजा केला की उरलेला सदिश जवळजवळ हेडिंगच्या रेषेत यायला हवा. एका जाइबवर एक समीकरण, दुसऱ्यावर दुसरं, अज्ञात घटक दोन. पोलरही नको, वाराही नको. हेडिंग ५११ आलं तर ‘उपलब्ध नाही’, ती ओळ गाळा. होकायंत्राची २ अंशांची चूक १४ नॉटला अर्धा नॉट खाते, म्हणून बऱ्याच जाइबची सरासरी लागेल. एआयएसचा पल्ला तोकडा, पण नौका किनाऱ्याजवळ असतात तोवर पुरतो.

टास्मानियाच्या अलीकडच्या बास सामुद्रधुनीचं काम त्यामुळे मागे ठेवलंय. तिथे भरती-ओहोटी असल्याने दैनिक सरासरी चालणार नाही, भरती-ओहोटी धरलेली ताशी फाइल लागेल. आधी हेडिंगची पडताळणी. कोणाकडे हेडिंगसकट एआयएसच्या कच्च्या नोंदी असतील तर जरूर कळवा.