आळ्यात पाणी अन् झाड वाळलेलं

जुलैचा शेवटचा आठवडा. देवळी तालुक्यातल्या एका गावात पारिजातक पाहायला गेलो. अंगणात नवी खोली काढायची म्हणून घरच्यांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, झाड उपटून कुंपणाशी लावलं होतं. झाड आठेक फूट उंच, बुंधा जमिनीपासून वीतभर वर ६ सेंटीमीटर जाड. पानं पिवळी पडून लोंबत होती आणि आळ्यात पाणी तुडुंब होतं.

घरमालक म्हणाले, "भाऊ, पानी त दोन्ही टाइम टाकतो, मंग झाड काऊन वाळून राह्यलं?"

पाणी कमी पडलं तरी पान लोंबतं आणि मुळं पाण्यात गुदमरली तरी लोंबतं. वरून दोन्ही सारखंच दिसतं. लोखंडी सळई बुंध्यापासून हातभर लांब मातीत घातली, ती दीड फूट सहज गेली. बाहेर काढून नाकाशी नेली तर कुजलेल्या अंड्यासारखा वास. मातीत हवा उरली नाही की असा वास येतो. मग फांद्यांची साल नखानं खरवडून पाहिली. शेंड्याकडे तपकिरी, पण मधल्या फांद्यांपासून खाली हिरवीगार. झाड जिवंत होतं. दोन दिवस उघाड होती, अंगणात वाफसा आला होता, म्हणून त्याच दिवशी पुन्हा उचलायचं ठरवलं.

वाफसा मी मुठीनं पाहतो. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला की फुटावा. फुटलाच नाही तर माती ओली आहे, अशा मातीत पावडं चालवलं की खड्ड्याच्या भिंती सारवल्यासारख्या गुळगुळीत होतात. गोळाच झाला नाही तर माती कोरडी, मग मुळांभोवतीची माती उचलताना गळून पडते. काळ्या मातीत झाड हलवताना निम्मं काम या एका गोष्टीवर ठरतं.

उकरल्यावर चूक दिसली. दोन फूट खोल खड्डा काळ्या मातीत, आणि भरताना त्यात रेती व ताजं शेणखत. आपल्याकडच्या या मातीत चिकण बहुधा निम्म्याहून जास्त, पाणी लागलं की ती फुगते आणि छिद्रं बंद होतात. रेतीतून पाणी झपाट्यानं खाली जातं आणि चिकण भिंतींशी अडतं. खड्ड्याचा हौद होतो. वरून बुंध्याचा गळा, म्हणजे जिथून मुळं फुटतात ती जागा, चांगली वीतभर गाडलेली. आणि मुळांचा गोळा युरियाच्या पोत्यात बांधलेला, पोतं तसंच आत. तागाचं बारदान मातीत कुजून जातं, प्लॅस्टिकच्या विणीतून मात्र जाड मूळ निघत नाही.

गोळाही जेमतेम फूटभर रुंद. बुंध्याच्या जाडीच्या दहा पट धरली तर या झाडाला ६० सेंटीमीटर रुंद आणि ४० खोल गोळा हवा होता. तेवढा दीडशे किलोच्या पुढे जातो, चार माणसं आणि दोन बांबू लागतात. दोघांनी उचलता येईल एवढाच काढला, तिथंच बरीचशी मुळं मागं राहिली.

खालची मुळं काळी होती. चिमटीत धरून ओढली की साल मोज्यासारखी निघून यायची आणि आतला दोरा हातात राहायचा. ही मूळकूज. वरच्या चार बोटांत मात्र पांढरी मुळं होती. कलमकात्री स्पिरिटनं पुसत पुसत प्रत्येक काळं मूळ पांढरं लाकूड दिसेपर्यंत मागं छाटलं. हे काम नीमच्या सावलीत, मुळांवर ओलं बारदान टाकून केलं. उघडी मुळं वाऱ्यावर थोडा वेळ राहिली तरी बारीक तंतू मरतात.

नवी जागा घराच्या पूर्वेला, भिंतीपासून दहा फुटांवर. फूटभर खड्डा करून पाण्यानं भरला, तासाभरात पाणी बोटभरही उतरलं नाही. म्हणून खड्डा केलाच नाही. जमीन टिकासानं वीतभर खणून सैल केली आणि वर सहा फूट रुंद, फूटभर उंच ओटा रचला: दर तीन घमेली तिथल्याच मातीला एक घमेलं मुरूम, वर दोन ओंजळी जुनं कुजलेलं खत. गळा मातीच्या दोन बोटं वर राहील असं झाड ठेवलं. माती चार-चार बोटांच्या थरानं हातानंच दाबली, पायानं नाही. शेवटी दोन बादल्या पाणी, सावकाश.

भोवती सोयाबीनचं कुटार चार बोटं जाड, पण बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी, नाहीतर साल कुजते आणि उधई चढते. दोन बांबू, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं आठाच्या आकारात सैल बांधलेले. पश्चिमेला तुराट्यांचा तट्टा. छाटले ते फक्त वाळलेले शेंडे आणि आलेल्या कळ्या. अर्धं झाड छाटायची पद्धत आहे, पण नव्या मुळांना लागणारं अन्न पानंच करतात. युरिया या वर्षी अजिबात नाही, कोवळी मुळं खारानं जळतात.

पाण्याचा नियम घरच्यांना हातानंच दाखवला: बोट मातीत पूर्ण घालायचं, टोकाला ओल लागली तर पाणी नाही. त्या पावसात पुढचे अकरा दिवस एक तांब्याही लागला नाही.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो. पिवळी पानं बहुतेक गळली होती, त्यानं घरच्या काकू घाबरल्या होत्या. पान गळणं हे जिवंत फांदीचं काम आहे, देठाशी ती स्वतः सांधा सोडते. काळजी त्या दोन फांद्यांची, जिथं पानं वाळून तशीच चिकटलेली होती. त्या करवतीनं काढल्या. उरलेल्या पाच फांद्यांवर तांदळाएवढे डोळे फुटले होते.

उन्हाळ्यासाठी एकच काम सांगून आलो. फेब्रुवारीपासून अंगणाला भेगा पडू लागल्या की ओट्याच्या कडेची प्रत्येक भेग भुसभुशीत मातीनं बुजवायची. भेग रुंदावली की बारीक मुळं ताणून तुटतात, आणि उरलेल्या मुळांवर गरम वारा थेट जातो.