मिलिटरी राज पाहिजे म्हणणारे पोट्टे आणि आमचे दादू

चामोर्शी तालुक्यात रोडला लागूनच माझं सेवा केंद्र आहे, म्हणजे लोकांच्या भाषेत सेतू. एमए राज्यशास्त्र केलं, एमपीएससीच्या मागे काही वर्षं घालवली, मग लग्न झालं आणि मग हे. त्यामुळं सातबाऱ्याची प्रिंट काढता काढता कोणी राजकारणावर बोललं की मला गप्प बसवत नाही, जुना रोग आहे माझा तो.

५ ऑगस्ट २०२४, सोमवार. श्रावणाचा पहिलाच दिवस आणि पहिला श्रावणी सोमवार पण तोच, म्हणजे अर्ध्या बायका उपाशी आणि झाडून सगळ्या लाडक्या बहिणीच्या फॉर्मसाठी आलेल्या. बाहेर पावसाची रिपरिप, आत ओल्या छत्र्या, झेरॉक्सचा वास, कोणाचं आधार लिंक नाही, कोणाचा ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर आणि नवरा रोवण्याला. दुपारी दोनच्या आसपास लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झालेली, तीही बसली. पण लाईट गेली म्हणून कोणी उठून घरी जात नाही, नंबर जातो ना, सगळे तिथंच.

बाकावर आमचे दादू बसले होते. बंगाली कॅम्पातले, वय ऐंशीच्या घरात, सुनेच्या फॉर्मसाठी आलेले. पंधरा वर्षांपूर्वीचं राशनकार्ड लागते असं कोणीतरी सांगितलं तर त्यांनी घरातले होते नव्हते ते सगळे कागद आणलेले, आणि त्या गठ्ठ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली १९६४ ची बॉर्डर स्लिप, म्हणजे सीमा ओलांडून आल्याचा कागद. इंग्रजीत टाईप केलेली, घड्यांवर फाटून सेलोटेप लावलेली, शिक्का जांभळा पडत पडत जवळपास गेलेला, पण बापाचं नाव आणि खाली "७ जण" हे स्पष्ट वाचता येते. मी म्हटलं दादू हे नाही लागत, राशनकार्डच बस झालं. ते म्हणाले, राहू दे बेटी, लागलं तर असावं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली लोकांची गावंच्या गावं आहेत. ६४ च्या दंगलीनंतर आले, आधी रायपूरजवळच्या माना कॅम्पात ठेवलं, मग इकडं. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हताच, चांदा जिल्हा होता, आणि जिथं आज धान आहे तिथं जंगल.

तर भरतीची तयारी करणारे तिघं-चौघं पोट्टे दाराशी उभे होते, चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरायला आलेले, पायात चिखलाचे स्पोर्ट शूज. त्यांच्या मोबाईलवर नेट चालू होतं. त्यातला एक एकदम ओरडला, "ताई, पाहा जी! बांगलादेशची पंतप्रधान पळाली! हेलिकॉप्टरनं!" मग सगळे त्या एका मोबाईलभोवती. ढाक्यात लोक तिच्या सरकारी घरात घुसलेले, कोणी खुर्ची घेऊन चाललं, कोणी मासोळी, आणि रस्त्यावर जवानांशी हात मिळवणारी पोरं. साडेतीनच्या सुमारास लष्करप्रमुख वाकर-उझ-झमान टीव्हीवर आले आणि सांगितलं, पंतप्रधानांनी राजीनामा दिला, आता अंतरिम सरकार करू, विश्वास ठेवा.

तो पोट्टा इतका खुश. म्हणे, "अस्सं पायजे. आपल्या इथं बी पाच वर्सं मिलिटरीच्या हातात द्या, सगळे सरळ होतेत. तलाठी, ठेकेदार, सगळे."

यावर बायका पण हसून हो हो करायला लागल्या. एक म्हणाली, रोडचं काम तरी होईल बाप्पा. खरं सांगायचं तर हे वाक्य मी या केंद्रात दर आठवड्याला ऐकते, आणि रोडची हालत पाहून मला पण कधी कधी उलट बोलायला तोंड राहत नाही.

दादू मात्र म्हणाले, "आमच्याकडे झालं होतं ना ते." हिंदी, बंगाली, मराठी सगळं मिसळून बोलतात ते, मी आपल्या भाषेत सांगते.

१९५८ ला ते खुलन्याकडच्या गावात आठवीत होते. ऑक्टोबरात रेडिओवर आलं की मार्शल लॉ लागला. पहिले काही दिवस, म्हणाले, काय सांगू तुला, बाजारात जादूच झाली. जे राईचं तेल नाही नाही म्हणत होते ते दुकानात समोर आलं, भावाच्या पाट्या लागल्या, दुकानदार स्वतः झाडू घेऊन नाली साफ करायला लागले, कपड्याचा भाव उतरला. बाबा घरी येऊन म्हणाले, बरं झालं, हे नेते लोक नुसते भांडत होते. "सब खुश थे. हम भी."

पोट्टा म्हणाला, "मंग? बरोबरच तं झालं."

"हां. तीन-चार महिने बरोबर."

मग काय झालं ते दादूंनी जे सांगितलं ते मी पुस्तकात वाचलेलं होतं, एमपीएससीच्या नोट्समध्ये दोन ओळीत, पण माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. राज हातात घेतलेल्या लष्करप्रमुख अयुबखाननं नवीन पद्धत काढली, बेसिक डेमोक्रसी. गावातल्या लोकांनी फक्त आपला एक मेंबर निवडायचा. दोन्ही पाकिस्तान मिळून असे ८० हजार मेंबर, आणि राष्ट्राध्यक्ष कोण, आमदार-खासदार कोण, हे ते ८० हजारच ठरवणार. १९६० ला त्यांना विचारलं अयुबखानवर विश्वास आहे का, ९५ टक्क्यांच्या वर हो आले. का नाही येणार? दादू म्हणाले आमच्या मेंबरच्या हातात रस्त्याचं काम, मजुरीच्या गव्हाचा हिशोब त्याच्याकडे, दोन वर्षात त्याचं घर पक्कं झालं. तो कशाला नाही म्हणेल.

मग जानेवारी ६४. काश्मिरात हजरतबल दर्ग्यातला पवित्र केस चोरीला गेला आणि दंगल उठली खुलन्यात. दादूंच्या बाबांनी आपल्या भागाच्या आमदाराकडे माणूस पाठवला, काही करा म्हणून. आमदार भेटलाच नाही. "क्यूं मिलेगा? त्याला माझ्या बापाचं मत लागतच नव्हतं. त्याला ते मेंबर लोक लागत होते." हे बोलताना दादूंचा आवाज चढला वगैरे काही नाही, पिशवीतले कागद लावत लावत बोलत होते. मी मात्र हातातलं आधारकार्ड धरून तशीच उभी, कारण अप्रत्यक्ष निवडणुकीचे तोटे यावर मी १० मार्कांचं उत्तर लिहिलेलं होतं आणि त्यात हे नव्हतं.

तिथं एक फौजी काका पण होते, महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर झालेले, पेन्शनचं स्पर्श पोर्टलवरचं काम घेऊन आलेले. मला वाटलं ते पोट्ट्यांच्या बाजूनं बोलतील. ते म्हणाले, "अबे, फौजेत ऑर्डर येते अना पास होते. तिथं ठीक आहे थे. माह्या वावराच्या धुऱ्याचा वाद बावीस वर्सांपासून चालू आहे, कोन्ता जनरल येऊन मिटवनार आहे?" सगळे हसले. मग म्हणाले, नोकरीत असताना बॅरकमध्ये पार्टीबाजीचं बोललं की सुभेदार साहेब झाडायचे, मत काय ते पोस्टानं द्यायचं आणि गप बसायचं.

पोट्ट्यानं मग बरोबर ठिकाणी पकडलं मला. "ताई, मंग आपली फौज काहून नाही घेत राज? तिकडची घेते, बर्माची घेते. बंदुका तं सगळ्याईकडं सारख्याच आहेत."

लाईट नव्हतीच, मग मी सुरू झाली. म्हटलं इंग्रजांनी जाताना भारत-पाकिस्तान दोघांना एकाच फौजेचे दोन तुकडे दिले, तेच अधिकारी, तीच शिस्त, म्हणजे माणसं वेगळी म्हणून असं झालं नाही. आपल्याकडे ४७ लाच तिन्ही दलांचे प्रमुख वेगळे केले, १९५५ ला कमांडर-इन-चीफ हे पदनावच काढून टाकलं, आणि दिल्लीतलं सरसेनापतीचं मोठं घर, आताचं तीन मूर्ती, तिथं नेहरू राहायला गेले. तिकडं १९५४ ला अयुबखान लष्करप्रमुख असताना त्यालाच संरक्षणमंत्री केलं, म्हणजे ज्यानं मंत्र्याला सॅल्यूट मारायचा तोच मंत्री. आणि मुख्य म्हणजे निवडणूक. आपण १९५२ पासून १९६७ पर्यंत चार लोकसभा निवडल्या. त्यांची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५९ ला ठरलेली, ती व्हायच्या आधीच मार्शल लॉ, आणि मग झाली ती थेट डिसेंबर १९७० ला. त्यात पूर्व पाकिस्तानातल्या १६२ पैकी १६० जागा शेख मुजीबच्या पार्टीला, अवामी लीगला, अख्ख्या देशात बहुमत, तरी फौजेनं सत्ता दिली नाही, २५ मार्च १९७१ ला ढाक्यात रणगाडे घातले.

"तेव्हा मी इथं," दादू मध्येच. "त्याच मार्चमध्ये मी इथं पहिलं मत टाकलं. गाय-वासरू." म्हणजे इंदिरा गांधींची काँग्रेस.

फौजी काका म्हणाले, "मंग आणीबाणी? ते तं फौजेनं नाही लावली."

बरोबर आहे, नाहीच लावली. निवडून आलेल्यांनीच लावली, आणि हे पोट्ट्यांना सांगितलं पाहिजे असं मला वाटते, की निवडून आलेले पण निवडणूक खाऊ शकतात. आज पळाली त्या हसीनाचंच पाहा, जानेवारीत निवडणूक झाली, मुख्य विरोधी पक्षच त्यात नव्हता, असं वारंवार केलं की लोकांना जनरल बरा वाटायला लागतो. पण १९७७ चा मार्च मला फार भारी वाटतो. त्याच महिन्यात आपल्याकडे पण मतदान, पाकिस्तानात पण. आपल्याकडे इंदिरा गांधी हरल्या आणि उतरल्या. तिकडं धांदलीचा आरोप झाला, आंदोलन पेटलं, आणि ५ जुलैला जनरल झियानं ताबा घेतला, म्हणाला ९० दिवसांत निवडणूक घेतो. पंतप्रधान होता त्या भुट्टोला फाशी दिली आणि स्वतः ११ वर्षं बसला, १९८८ ला विमान पडलं तेव्हाच उठला.

"नव्वद दिवस," फौजी काका म्हणाले आणि मान हलवत राहिले.

दादूंनी त्या पोट्ट्याला फक्त एक विचारलं. आज जो जनरल बोलला, त्यानं निवडणुकीची तारीख सांगितली का? पोट्ट्यानं व्हिडिओ मागं घेऊन परत लावला, बंगाली भाषण, दादू कान लावून ऐकत होते. तारीख नव्हती. मग दादू बाहेर शेडखाली गेले आणि खुलन्यात असलेल्या भाच्याला फोन लावत बसले, लागत नव्हता. संध्याकाळी लागला म्हणे, घर बंद करून आतच बसले होते ते लोक.

लाईट पाचला आली. सुनेचा फॉर्म राशनकार्डावरच सबमिट झाला.

आमच्या भागात बंदूकवाल्यांनी, म्हणजे नक्षलवाद्यांनी, मत टाकू नका म्हणणं नवीन नाही, बहिष्काराची पत्रकं या जिल्ह्यानं पाहिलेली आहेत, आणि तरी एप्रिलमध्ये भर उन्हात रांगा होत्या. पण ते पोट्ट्यांना सांगायची गरज पडली नाही, त्यांच्याच आया त्या रांगेत होत्या.

नंतर तोच पोट्टा अर्जाची पावती घ्यायला आला, तोवर ढाक्यात अंतरिम सरकारचे प्रमुख म्हणून युनूसचा शपथविधी होऊन गेला होता. म्हणे, ताई, त्या अयुबखानचं मंग काय झालं? मी सांगितलं, विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर आले, मार्च १९६९ ला त्याला जावं लागलं. त्यानंच १९६२ ला जी राज्यघटना लिहून घेतली होती त्यात होतं की राष्ट्राध्यक्ष गेला तर संसदेच्या सभापतीकडे कारभार द्यायचा.

"मंग देल्ला?"

"नाही. याह्याखानला दिला. लष्करप्रमुखाला."

"सोताच्याच घटनेतलं नाही आयकलं?" पावतीची घडी खिशात घालत तो म्हणाला, "अना मी तलाठ्याले शिव्या देतो."