कॅमेलियाची कळीगळ: चूक मार्चमधली नव्हे, ऑगस्टमधली

मार्चमध्ये कॅमेलिया या सदाहरित फुलझुडपाच्या टपोऱ्या कळ्या न उमलताच गळायला लागल्या की बहुतेक जण थंडीला दोष देतात. थंडीने कळ्या करपतात हे खरं, पण इंग्लंडमध्ये पुढच्या वसंतातल्या कळ्या झाड उन्हाळ्याच्या शेवटीच धरतं. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुळं एकदा जरी सुकली, तरी परिणाम मार्चमध्ये दिसतो, आणि तेव्हा कितीही पाणी ओतलं तरी उपयोग नसतो. कुंडीतल्या झाडाला याचा फटका सगळ्यात आधी बसतो.

पाणी शक्यतो पावसाचं, पिंपात साठवलेलं द्यावं. लंडनकडचं नळाचं पाणी जड असतं. त्यातल्या चुन्याने मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) हळूहळू चढतो आणि पानांवर केवडा पडतो: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. चिलेटेड लोहाने (मुळांना उचलता येईल अशा रूपातल्या लोहाने) पानं सुधारतात, मूळ दुखणं तसंच राहतं. पण पिंप आटलं असेल तर नळाचं पाणी बेलाशक द्या. कोरडं ठेवण्यापेक्षा ते बरं.

सामू ५.५ ते ६.५ हवा. ७ च्या वर असेल तर जमीन बदलण्याच्या भानगडीत पडू नये, सरळ कुंडी घ्यावी आणि आम्लप्रेमी झाडांसाठीचं तयार मिश्रण भरावं. चहा हा कॅमेलियाचा सख्खा भाऊ खरा, पण म्हणून बुंध्याशी चहाचा चोथा टाकून सामू फारसा हलत नाही.

लावताना हुंडीचा (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याचा) माथा जमिनीच्या पातळीलाच ठेवा. खोल गेलं की झाड रुसतं. वर पानकुजीचा ५ ते ७ सेंटिमीटर थर द्या, बुंध्याला न टेकवता. सावली विरळ हवी, आणि पूर्वेची भिंत टाळा: गोठलेल्या कळीवर सकाळचं ऊन पडलं की पाकळ्या तपकिरी होतात. जुलैनंतर खत बंद. छाटणी फुलं संपल्या संपल्या, कारण उशीर झाला तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात.

पहिलंच झाड घेत असाल तर जपोनिका या कॅमेलियाच्या प्रजातीपेक्षा विल्यम्सी हा कॅमेलियाचा संकर घ्या, उदाहरणार्थ गुलाबी ‘डोनेशन’. त्याची वाळलेली फुलं आपोआप गळतात. जपोनिकाच्या बऱ्याच जातींवर ती तपकिरी होऊन चिकटून राहतात आणि हाताने खुडावी लागतात.