डॉसबॉक्सवर ‘स्कॉर्च्ड अर्थ’: गोळ्याचा वेग जुळवताना

वेंडेल हिकन यांनी १९९१ साली डॉस या विंडोजआधीच्या संगणक प्रणालीसाठी लिहिलेला आणि शेअरवेअर म्हणून, म्हणजे आधी वापरून पाहा आणि आवडला तर पैसे द्या अशा रीतीने, वाटलेला ‘स्कॉर्च्ड अर्थ’ हा खेळ मी प्रथम पाहिला तो नाशिकमधल्या एका संगणक क्लासमध्ये. तिथे तो फ्लॉपीवरून हातोहाती फिरत असे आणि सर बाहेर गेले की ४८६ या प्रोसेसरच्या जुन्या यंत्रांच्या पडद्यांवर लगेच डोंगर उभे राहत. तो पुन्हा खेळायचा असे ठरवल्यावर पहिली अडचण समोर आली ती साधी होती. माझ्या लॅपटॉपवर ६४-बिट विंडोज आहे आणि ती प्रणाली डॉसचे १६-बिट प्रोग्राम चालवत नाही. फाइलवर दोनदा क्लिक केले की हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही, एवढाच निरोप मिळतो. इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहालयाने २०१५ च्या सुरुवातीला डॉसचे जवळपास २,४०० खेळ ब्राउझरमध्येच खेळता येतील अशी सोय केली, आणि नुसते चाखून पाहायचे असेल तर ब्राउझर पुरेसा आहे. मला मात्र खेळाच्या फाइली उघडून त्यांत बदल करायचे होते आणि केलेले बदल टिकून राहायला हवे होते, म्हणून मी डॉसबॉक्स हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, वापरायचे ठरवले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर बाजूने दिसणारा डोंगराळ प्रदेश असतो आणि त्यावर दोनपासून दहापर्यंत रणगाडे ठेवलेले असतात. प्रत्येकाने आपल्या पाळीला नळीचा कोन आणि बाराचा जोर ठरवून गोळा सोडायचा, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, आणि गोळा कुठे पडला ते पाहून पुढच्या पाळीला सुधारणा करायची. शेवटी जो उरेल त्याने ती फेरी जिंकली. फेऱ्यांच्या मधल्या वेळात दुकान उघडते आणि मिळवलेल्या पैशांतून शस्त्रे, ढाली व पॅराशूट विकत घेता येतात. त्याच १९९१ साली एमएस-डॉस ५ बरोबर ‘गोरिलाज’ नावाचा केळी फेकणाऱ्या माकडांचा खेळ आला होता आणि त्याचे तत्त्वही हेच होते, पण ‘स्कॉर्च्ड अर्थ’ची खोली त्याला नव्हती.

डॉसबॉक्स बसवणे हे काही मिनिटांचे काम आहे. खेळाचा संच एका फोल्डरमध्ये सोडवून ठेवायचा. त्या फोल्डरचे नाव आठ अक्षरांच्या आत आणि मोकळी जागा न सोडता दिलेले बरे, कारण डॉसला त्याहून मोठे नाव पेलत नाही आणि मग नावाच्या शेपटाला नागमोडी चिन्ह व आकडा चिकटतो. नंतर माउंट आज्ञेने तो फोल्डर डॉसबॉक्सला ‘सी’ ड्राइव्ह म्हणून दाखवायचा, त्या ड्राइव्हवर जायचे आणि स्कॉर्च असे टंकून एंटर दाबायचे. रोज रोज एवढे टंकण्याचा कंटाळा येत असेल, तर याच ओळी डॉसबॉक्सच्या कॉन्फिगरेशन फाइलच्या शेवटी असलेल्या ऑटोएक्झेक (सुरू होताच आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या) भागात लिहून ठेवता येतात. माउस खिडकीत अडकून बसतो तेव्हा कंट्रोल आणि एफ१० दाबून तो सोडवता येतो. हे आधीच ठाऊक असले तर पहिल्या दिवसाचा बराच वैताग वाचतो.

खरे काम सुरू होते ते त्यानंतर, आणि ते आहे वेगाचे. डॉसबॉक्स तुमच्या संगणकाच्या पोटात एक जुने यंत्र उभे करतो आणि ते यंत्र किती चपळ असावे हे ‘सायकल्स’ या आकड्याने ठरते. मूळ मांडणीत हा आकडा ‘ऑटो’ असतो, म्हणजे रिअल मोड या प्रोसेसरच्या जुन्या, साध्या पद्धतीने चालणाऱ्या प्रोग्रामांना ३,००० सायकल्स मिळतात आणि प्रोटेक्टेड मोड या नंतरच्या पद्धतीने चालणाऱ्यांना संगणक देऊ शकेल तेवढ्या सगळ्या. ‘स्कॉर्च्ड अर्थ’ पहिल्या गटातला असल्यामुळे त्याच्या वाट्याला ३,००० येतात, आणि ढोबळमानाने बोलायचे तर हे २८६ च्या, म्हणजे ४८६ च्या दोन पिढ्या मागच्या प्रोसेसरच्या, जवळपासचे यंत्र झाले. त्यावर खेळ चालतो, पण संगणकाचे रणगाडे नेम धरायला एवढा वेळ घेतात, आणि मोठ्या स्फोटानंतर डोंगराची माती खाली बसायला एवढा वेळ लागतो, की दहा रणगाड्यांची एक फेरी संपता संपत नाही. उलट आकडा ‘मॅक्स’ केला, तर गोळा नळीतून निघाला आणि आदळला यांच्यामध्ये काही दिसतच नाही.

हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे आणि तो का, हे मला खेळता खेळताच नीट उमगले. या खेळात खेळाडूला मिळणारी माहिती फक्त गोळ्याच्या वाटेतून मिळते. तो कुठे शिखराला पोहोचला, उतरताना वाऱ्याने किती ओढला, डोंगराच्या कोणत्या कडेला घासून गेला, हे पाहूनच पुढचा नेम ठरतो. नुसता खड्डा दिसला आणि वाट दिसली नाही, तर आपण कोन चुकलो की जोर चुकला हे सांगता येत नाही. म्हणूनच वेग जुळवण्याच्या कामाला मी कंटाळवाणी तांत्रिक पूर्वतयारी मानत नाही. ते खेळाचेच अंग आहे.

वेग खेळ चालू असतानाही बदलता येतो. कंट्रोल आणि एफ११ ने तो घटतो, कंट्रोल आणि एफ१२ ने वाढतो, आणि सध्याचा आकडा खिडकीच्या माथ्यावर दिसत राहतो. बऱ्याच लॅपटॉपवर याच कळा प्रकाश किंवा आवाज यांना जुंपलेल्या असल्याने सोबत एफएन कळही दाबावी लागते. यात एक गंमत आहे. मूळ मांडणीत एका दाबाने वाढ होते दहा टक्क्यांची आणि घट होते वीस टक्क्यांची, त्यामुळे एकदा वर आणि एकदा खाली केले की आपण निघालो त्या जागी परत येत नाही, थोडे खाली घसरतो. म्हणून मी कळांनी फक्त अंदाज घेतला आणि पटलेला आकडा कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘फिक्स्ड’ म्हणून पक्का लिहिला. माझ्या बाबतीत तो २०,००० च्या आसपास स्थिरावला, आणि त्यावर संगणकाचे रणगाडे ताटकळत ठेवत नाहीत. गोळा तरीही थोडा घाईनेच जात होता. त्याचा इलाज खुद्द खेळातच आहे: हार्डवेअरच्या यादीत गोळा उडण्याचा आणि माती पडण्याचा विलंब वेगवेगळा ठरवता येतो. यंत्र चपळ ठेवून गोळा तेवढा संथ करणे हा त्यातला उत्तम मार्ग आहे. १९९१ साली माणसांकडे २८६ पासून ४८६ पर्यंत सगळ्या वेगांची यंत्रे होती आणि लेखकाला त्या सर्वांवर खेळ चालवायचा होता, त्या दूरदृष्टीचा लाभ आज आपल्याला होतो.

पडद्याच्या आकाराचे काम त्या मानाने सोपे. जुने मॉनिटर चारास तीन या प्रमाणाचे असत आणि ३२० बाय २०० चे चित्र त्यांवर उभे ताणून दाखवले जाई. आजच्या पडद्यावर तेच चित्र चपटे दिसते आणि डोंगर बसके वाटतात. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘ॲस्पेक्ट’पुढे ‘ट्रू’ लिहिले की प्रमाण सुधारते. आवाज पीसी स्पीकरचाच आहे, तो जसा कर्कश होता तसाच ऐकू येतो, आणि माझ्या घरच्यांनी पहिल्या संध्याकाळी तो बंद करायला लावला.

आता प्रत्यक्ष खेळाविषयी. डाव्या-उजव्या बाणांनी कोन, वर-खाली बाणांनी जोर, स्पेसबारने बार. जोर जास्तीत जास्त १,००० पर्यंत जातो, आणि रणगाड्याला मार बसत गेला की ही मर्यादाही खाली येते, म्हणजे जखमी रणगाड्याला दूरचा शत्रू गाठणेच अवघड होते. माझा भाचा सुट्टीत आला होता, त्याच्याबरोबरच्या एका डावात त्याने ६० अंशांवर ४०० जोराने बार काढला आणि गोळा माझ्यापर्यंतचे दोन-तृतीयांश अंतर कापून पडला. पुढच्या पाळीला त्याने सरळ हिशेब केला: अंतर दीडपट हवे, तर जोरही दीडपट. ६०० वर सोडलेला गोळा माझ्या डोक्यावरून जाऊन पार मागच्या दरीत पडला. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर अंतर जोराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीडपट अंतरासाठी जोर सुमारे सव्वापट, म्हणजे ४९० च्या आसपास पुरला असता. “मामा, हे आधी का नाही सांगितलंस?” असे त्याने विचारले. समोरच्या रणगाड्यात मीच बसलो होतो, हे माझे उत्तर त्याला पटले नाही.

वाऱ्याचे गणित थोडे निराळे आहे. गोळा जितका वेळ हवेत राहील तितका वारा त्याला ओढतो, त्यामुळे ७५-८० अंशांचे उंच बार वाऱ्याच्या दिवशी टाळावेत आणि मध्ये डोंगर नसेल तर नळी खाली आणावी. डोंगर असेल तर मात्र उंच बाराला पर्याय नसतो, आणि तिथेच खेळाची खरी गोडी आहे.

दुकानात नवखा खेळाडू प्रथम अणुबॉम्बकडे धावतो. एका ‘न्यूक’ची मूळ किंमत १२,००० आहे आणि नेम नसेल तर तो डोंगराला मोठे भगदाड पाडण्यापलीकडे काही करत नाही. माझ्या मते पहिला पैसा पॅराशूटवर घालावा. शत्रूचा गोळा आपल्याला न लागता आपल्या खालच्या जमिनीला लागला, तरी माती खचते, रणगाडा कोसळतो आणि पडण्यानेच त्याची हानी होते; पॅराशूट असेल तर तो अलगद उतरतो. ‘एमआयआरव्ही’ हे शस्त्र वाटेच्या शिखरावर पोहोचल्यावर फुटून अनेक गोळ्यांत विभागते, पण शिखराआधीच कड्याला आपटले तर ते फुटत नाही, म्हणून दरीत बसलेल्याने ते विकत घेण्यात अर्थ नाही. ‘बेबी मिसाइल’ फुकट मिळते आणि नेम बसवायला तेवढे पुरते.

संगणकाच्या रणगाड्यांचे स्वभावही निवडता येतात. ‘मोरॉन’ कुठेही गोळे फेकतो, ‘शूटर’ समोर मोकळी जागा असली की सरळ नेम धरतो, आणि ‘टॉसर’ प्रत्येक बारानंतर आपली चूक थोडी थोडी सुधारत जातो. नवख्याने दोन-तीन ‘टॉसर’ घेऊन खेळावे. त्यांचे गोळे पाळीगणिक जवळ येताना पाहणे हाच नेम शिकण्याचा चांगला धडा आहे.

फाइली हाताशी हव्या होत्या त्याचे कारण आता सांगतो. बार काढताना आणि मरताना रणगाडे एकेक वाक्य बोलतात, आणि ही वाक्ये दोन साध्या मजकूर फाइलींत, एका ओळीत एक, अशी लिहिलेली असतात. नोटपॅडने उघडून ती बदलता येतात. डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही, तेव्हा रोमन अक्षरांत मराठी लिहावे लागते, पण त्याने फारसे बिघडत नाही. बार काढणाऱ्याच्या तोंडी आम्ही ‘घे आता’, ‘सांभाळ रे बाबा’ आणि ‘हा गेलाच समज’ अशा ओळी घातल्या, मरणाऱ्याच्या तोंडी ‘आई गं’, ‘वारा फिरला हो’ आणि ‘बघून घेईन पुढच्या फेरीला’. मूळ फाइलींची प्रत आधी काढून ठेवावी, आणि वाक्ये आखूड ठेवावीत, कारण पडद्याच्या कडेला असलेल्या रणगाड्याला लांबलचक भाषण करायला जागा नसते. मूळचा इंग्रजी खोचकपणाही वाईट नव्हता, पण ‘टॉसर’ने सहाव्या बारात मला गारद करताना ‘सांभाळ रे बाबा’ म्हटले तेव्हा भाचा खुर्चीवरून पडायचा राहिला.

सध्या आमच्यात वाद आहे तो भिंतींवरून. खेळात पडद्याच्या कडा काँक्रीटच्या, रबरी किंवा एका बाजूने बाहेर गेलेला गोळा दुसऱ्या बाजूने आत आणणाऱ्या ठेवता येतात. भाच्याला रबरी हव्यात, म्हणजे चुकलेला गोळाही उसळून कोणाला तरी लागतो. मला कडा मोकळ्या हव्यात, म्हणजे चुकलेला गोळा चुकलेलाच राहतो. तूर्तास आम्ही फेरीगणिक आलटून पालटून ठेवतो, आणि रबरी फेरीत मी ढाल विकत घेतो.