कॉक्लिअर इम्प्लांटनंतर घरातलं बोलणं

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे आतल्या कानात बसवलेलं, ऐकण्याच्या नसेला थेट विद्युत संकेत देणारं उपकरण. शस्त्रक्रियेनंतर साधारण 2 ते 4 आठवड्यांनी त्याचा बाहेरून लावायचा, आवाज टिपणारा प्रोसेसर सुरू होतो आणि घरच्यांना वाटतं, झालं, आता सगळं ऐकू येणार! सुरुवातीला मात्र जोडीदाराचा आवाजही अनेकांना चिरका, यंत्रासारखा वाटतो. आतल्या कानातल्या, आवाज ओळखणाऱ्या हजारो केशपेशींचं काम इम्प्लांटच्या 12 ते 22 इलेक्ट्रोडवर (संकेत देणाऱ्या बिंदूंवर) आलेलं असतं. मेंदूला सवय व्हायला महिने लागतात, मॅपिंगही, म्हणजे त्या व्यक्तीनुसार प्रोसेसरची जुळवणी, पुन्हा पुन्हा करावं लागतं.

दुसऱ्या खोलीतून हाका मारू नका. आधी नाव घ्या, समोर या, टीव्ही बंद करा. ओरडल्याने शब्द उलट बिघडतात. बाहेर जेवताना गोंगाट पाठीमागे राहील असं बसावं. प्रोसेसरच्या दिशादर्शक मोडमध्ये माइक समोरचा आवाज जास्त उचलतो.

झोपताना प्रोसेसर ओलावा काढणाऱ्या ड्रायिंग बॉक्समध्ये जातो आणि त्याशिवाय नीट ऐकू येत नाही, म्हणून भांडण मिटवायचं तर दिवे मालवण्याआधी! गजर थरथरणारा घ्यावा.