वीस मिनिटं अंधार, आणि ते दार

बेळगावच्या एका दवाखान्यात गेल्या महिन्यात मी डोळ्यांची ईआरजी करून घेतली, म्हणजे उजेड पडल्यावर डोळ्याच्या पडद्यात उठणारी विजेची लाट मोजायची तपासणी. अंधारात वीस मिनिटं बसायचं होतं, बसलो तासाच्या वर. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

झालं असं की दिवेलागणीला आमच्या खानापूरच्या घराची पायरी मला चुकायला लागली. दिवसा सगळं लख्ख. दोनदा ठेचकाळल्यावर बायको म्हणाली, "अहो, एकदा दाखवून तरी या की." डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा तपासला आणि म्हणाले, दंडपेशी (मंद उजेडात बघणाऱ्या पेशी) कशा चालतात ते बघून घेऊ. फॉर्म कन्नडमध्ये होता, तो शेजारच्या बाकावरच्या पोराने भरून दिला. पैसे, पावती, तारीख, कुठेच अडलं नाही.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दंडपेशी आणि लख्ख उजेडात बघणाऱ्या शंकुपेशींची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, मोजदाद नाही. त्यामुळे मॅडमनी (यंत्रावरच्या टेक्निशियन) "अंधारात बसायचं" म्हटल्यावर मी ऐटीत मान हलवली. डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले, दिवा मालवला. माझ्या शेजारी बैलहोंगलची एक आज्जी, तीही तपासणीचीच.

चौदा मिनिटं झाली असतील. धाडकन दार उघडलं. बाहेरच्या ट्यूबलाइटचा पट्टा थेट आमच्या तोंडावर. वॉर्डबॉयला कुणाची तरी फाईल हवी होती. मॅडम म्हणाल्या, "सर, परत पहिल्यापासून." आधीच बाहुल्या सताड उघड्या, त्यात उजेड असा घुसला की डोळ्यांपुढे हिरवा डाग तरंगत राहिला.

दुसऱ्यांदा बसलो. सतरा-अठरा मिनिटं. पुन्हा तेच दार, तोच पोरगा. आता फाईल परत ठेवायला! आज्जी ओरडली, "ए तम्मा, बागला हाको!" (दार लाव रे!) मी मराठीत जे बोललो ते इथे लिहीत नाही. दारावर एक चिठ्ठी चिकटवायला किती खर्च येतो?

पुन्हा का बसायचं, हे मला शिक्षक असूनही तिथेच नीट उमगलं. दंडपेशीत ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, आणि त्याच्या आत अ जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनालचा वाकडा रेणू. प्रकाशाचा एक कण आदळला की तो सरळ होतो. मग तो ऱ्होडॉप्सिनमधून सुटतो, पडद्यामागच्या रंगपेशींच्या थरात जातो, तिथे पुन्हा वाकवला जातो आणि परत येतो. ही ये-जा सावकाश चालते. उजेडातून अंधारात आल्यावर दंडपेशी पुऱ्या तयार व्हायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. पोरगा दार उघडतो एका सेकंदात.

आणि एक गोष्ट मी वर्गात उलटी सांगत आलोय. प्रकाश पडला की पेशी "चालू" होते, असं. खरं तर अंधारात दंडपेशी चालू असते: तिच्या आवरणातल्या वाटा उघड्या, सोडियम-कॅल्शियम आत येत राहतं आणि ती पुढच्या पेशीकडे ग्लुटामेट हे निरोपाचं रसायन सोडत राहते. प्रकाश पडला की जागा झालेला एक ऱ्होडॉप्सिन ट्रान्सड्युसिन नावाची कितीतरी प्रथिनं उठवतो, त्यांच्यामुळे वाटा उघड्या ठेवणारं सीजीएमपी हे रसायन तुटतं, वाटा मिटतात, ग्लुटामेट कमी होतं. ते कमी होणं हाच निरोप. म्हणजे मी कंटाळून बसलो होतो तेव्हा माझ्या एकेका डोळ्यातल्या दहा-बारा कोटी दंडपेशींना विसावा नव्हता.

तिसऱ्यांदा मात्र चूक माझी. बायकोचा फोन आला आणि खिशातून उजेड फाकला. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त दहा मिनिटं वाढवली. तेव्हा मोबाईल बंद करून बाहेरच्या माणसाकडे द्या. चमकणारं घड्याळही.

पुढचं पाच-दहा मिनिटांचं काम. खालच्या पापणीला लाट टिपणारा केसासारखा धागा, हनुवटी टेकवून पांढऱ्या घुमटात बघायचं. मॅडम लाल बॅटरीवर काम करत होत्या, कारण दंडपेशींना लाल फारसा दिसत नाही. पहिला फ्लॅश इतका मंद की झाला की भास, कळेना. 1942 साली हेक्ट, श्लेर आणि पिरेन यांनी माणसांना असंच अंधारात बसवून दाखवलं होतं की प्रकाशाचा एकच कण एका दंडपेशीला पुरतो. त्यांच्या दाराची कडी चांगली असणार.

मग उजेडात दहा मिनिटं बसवून शंकुपेशींची तपासणी. तिथे दार कितीही उघडा.

हां, राहिलंच: त्याच दिवशी आधी डोळ्याचे फोटो काढू देऊ नका, तो फ्लॅश जबर असतो. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. मी काळा चष्मा विसरलो, सीबीटी बसस्थानकापर्यंत बायकोचा पदर धरून आलो आणि नेमका एक विद्यार्थी भेटला. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने खाऊ नका, जास्त झाल्या तर यकृताला त्रास.

रिपोर्टात दंडपेशींची लाट थोडी लहान आली, पण आली. वर्षाने परत बोलावलंय. जाताना चिठ्ठी मीच लिहून नेणार आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये, सोबत चिकटपट्टी.